कुसाबाईची मशेरी

मखमलाबादची कुसाबाई चालता चालता थांबायला लागली, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारी चोंबडी झाली. थोडं चाललं की तिच्या पोटरीत गोळा यायचा. पण दुखतंय म्हणून थांबेल ती कुसाबाई कसली! ती कुणाच्या तरी बांधावर उभी राहायची आणि त्याच्या कोबीला नावं ठेवायची. पोटरी निवली की पुढच्याच्या मेथीकडे. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा मात्र तिला लपवता येईना.

नाशकात डॉक्टर प्रतिभांनी सांगितलं, पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. जांघेतून तार घालून आतला अडथळा लेझरनं जाळू. नाही जमलं तर पाय कापावा लागेल. हे ऐकून कुसाबाईनं काळा अंगठा लुगड्याखाली ओढून घेतला.

"तंबाखू खाता?"

"छ्या! कधी तोंडात घातली नाय. ह्ये ओढत्यात बिड्या." तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

बिचारा पुंजाराम! आपल्या धुरानं बायकोचा पाय चालला, या धसक्यानं त्यानं बिड्यांचं बंडल बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि लेझर संपेपर्यंत सप्तशृंगीला हात जोडून बसला.

लेझर फत्ते झालं. सकाळी पाऊल ऊबदार लागलं. कुसाबाईनं ते कुरवाळलं आणि ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर कमरेची पिशवी सोडून तिनं डबी काढली आणि दातांवर काळी पूड घासायला बसली. तपासायला आलेल्या डॉक्टर दारातच थबकल्या.

"हे काय?"

"मशेरी. दात घासायची."

"कशाची करता?"

"तंबाखूचीच की, तव्यावर भाजून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, हे चालू ठेवलंत तर वाहिनी पुन्हा तुंबेल. मग लेझर नाही, करवतच."

पुंजाराम ताडकन उठला. "म्हंजे माझी बिडी फुकट गेली?"

"तुमची सुटली ते लय बरं झालं," कुसाबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

चूळ भरून ती उठली. कचऱ्याचा डबा व्हरांड्याच्या पार टोकाला. ती हळूहळू तिथवर गेली. पोटरी दुखली नाही. तरी डब्यापाशी ती थांबली.

"दुखतंय?" मागून आलेला पुंजाराम घाबरला.

"पाय नाय दुखत वं." तिनं डबी मुठीत घट्ट धरली होती. "लग्नापासून तुमच्या आधी हिचं तोंड बघते मी रोज."

मग तिनं डबी टाकली, नवऱ्याचा हात धरला आणि कुणालाही नावं न ठेवता सबंध व्हरांडा चालत परत आली.