कुल्फीच्या डब्यातली बाटली

माझ्या मुलाला, अफताबला, पहिली मुलगी झाली ते साल २००४. त्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या, लालबीच्या, पोटातल्या कॅन्सरवर नेहमीची औषधं चालेनाशी झाली.

दौंडच्या डॉक्टरताई म्हणाल्या, "चाचा, गाठीतल्या पेशी शहाण्या झाल्यात. औषध आत गेलं की बाहेर फेकतात. आता नवं मागवू. ते चरबीच्या बारीक थेंबांत भरलेलं असतं. थेंब पेशीत शिरला की मग औषध सुटतं."

मला पटलं. शिरूरच्या स्टँडवर मी चाळीस वर्षं कुल्फी विकली. मलईतलं मला कळतं.

पुण्याच्या औषधवाल्या दुकानदारानं बाटली गार पिशव्यांत गुंडाळून दिली अन् बजावलं, "फ्रीजइतकंच गार ठेवा. बर्फात घालू नका."

"मालक, बर्फाचं मला शिकवता?"

मे महिना होता. त्याच्या पिशव्या कोरेगाव भीमापर्यंतही टिकायच्या नाहीत, असं मी ठरवून टाकलं. बर्फ विकत घेतला, खडेमीठ मिसळून बरोबर आणलेल्या कुल्फीच्या डब्यात भरला आणि बाटली मधोमध रोवली.

गाडीत कंडक्टर दगडोबा म्हणाला, "चाचा, आमाला एक न्हाई व्हय?"

"ही तुझ्या चाचीची हाय. हात लावलास तर बोटं मोडीन."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. घरी पोचल्यावर बर्फ बदलला, मीठ वाढवलं.

सकाळी लालबीला घेऊन दौंड गाठलं. डॉक्टरताईंनी बाटली उजेडाला धरली. आत दाणे तरंगत होते.

"चाचा, हे गोठलं होतं?"

गोठलेलं दूध सुटलं की कसं दिसतं, ते मी जन्मभर पाहिलं होतं.

"थेंब फुटले. हे देता येणार नाही."

लालबीच्या हाताला सुई आधीच लावलेली होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अख्ख्या शिरूरला गार केलंत. मलाच कशाला सोडाल?"

दुसरी बाटली अठरा दिवसांनी मिळाली. ती अफताबनं आणली. मला कुणी जा म्हणालं नाही. तोवर तिच्या छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरताई म्हणाल्या, आता शरीराला सोसणार नाही. बाटली फ्रीजमध्येच राहिली, तिथं ती चांगली राहिली.

लोक समजूत घालतात, पहिलीनं तरी गुण आला असता कशावरून. खरं आहे. ते कळायची सोय मीच ठेवली नाही.

लालबी १९ जून २००४ रोजी, शनिवारी, शिरूरच्या घरी वारली.