खुर्चीवर लिहिलेली तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी घडीची लोखंडी खुर्ची आहे. सांगलीच्या शमशेर वेल्डरने मला घडवलं. माझा एक पाय जरा आखूड राहिला, त्यामुळे बसणारा आधी डुलतो आणि मग बसतो. मुलं त्यावरून हसतात. मी मनावर घेत नाही.

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी कामाला लागले. तिथे जीनत मुजावर मॅडम फौजदारी कायदा शिकवतात. पोलिसात गेलेली कितीतरी पोरंपोरी त्यांच्या हाताखालची. पहिल्या तासाला त्या मला वर्गाच्या मधोमध उघडून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तक्रार घेऊन माणूस आला की आधी खुर्ची, मग पेन." सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. खोटं कशाला बोलू, मला भलताच तोरा चढायचा.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत पडले. दोन वर्षं झाडूच्या शेजारी काढली, फार वाईट वाटलं. शेवटी मॅडमनीच मला शोधून गाडीत घातलं. महिन्यातल्या एका रविवारी त्या तासगावजवळच्या आपल्या माहेरगावी जातात आणि शाळेच्या ओट्यावर बायकांना कायदा समजावून देतात. आता मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

अशाच एका रविवारी रंगूबाई आली. ती बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. तिच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या होत्या. चौकीवरून तिला दोनदा परत पाठवलं होतं, "चरत गेल्या असतील, आधी शोधा," म्हणून. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिथे शेळ्या विकल्या गेल्या असत्या, तर पुन्हा दिसायच्या नव्हत्या.

मॅडमनी त्याच चौकीवरच्या हवालदार धैर्यशीलला बोलावून घेतलं. तो त्यांचाच विद्यार्थी, धडा विसरला नव्हता. त्याने मला झटकलं, उघडलं आणि म्हणाला, "मावशी, बसा."

"नगं बाबा. सायबांम्होरं खुर्चीवर कशी बसू? उभ्यानंच सांगते."

"बसा वं, काय हुत न्हाई."

रंगूबाई कशीबशी टेकली. मी डुलले, तशी ती चटका बसल्यासारखी उठली. शेळ्या कधी गेल्या, कशा होत्या, तिला काही सांगता येईना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम पदर खोचून सरळ ओट्यावर मांडी घालून बसल्या. "रंगूमावशी, या हितं माझ्याजवळ. धैर्यशील, तूही बस. चुकलं ते माझं शिकवणं."

कडक इस्त्रीच्या गणवेशातला धैर्यशील खाली बसला. कागद ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्याने मला पुढे ओढलं आणि माझ्या बैठकीवर कागद ठेवला. रंगूबाई मात्र आता मोकळी झाली.

"एक काळी, एक बांडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. बांडीचा डावा कान फाटल्याला हाय. हाक मारली की येतीया बगा, लय गुणाची हाय."

"हाक काय मारता?"

"चिमणे म्हंते."

धैर्यशीलने तेही लिहिलं, अगदी दाबून. दुसऱ्या दिवशी तो रंगूबाईला घेऊन बाजारात उभा राहिला. तिने हाक मारली मात्र, फाटक्या कानाची शेळी व्यापाऱ्याच्या हातातलं दावं ओढत धावत आली. मागोमाग काळीही सापडली. ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आता मॅडमचा धडा बदललाय. त्या पोरांना सांगतात, "समोरच्याला आधी विचारा, कुठं बसून बोलायला बरं वाटेल. तो बसेल तिथं तुम्हीही बसा."

मित्रांनो, मला गंज लागू देऊ नका. वर्षातून एकदा सांध्यांत तेल घाला, पावसात टाकू नका. हौसेने पाय रंगवा. पण माझ्या बैठकीच्या रंगात धैर्यशीलच्या पेनाने एक शब्द उमटलाय, 'चिमणी'. तेवढा खरवडू नका. माझ्यावर मोठमोठे साहेब बसून गेले, त्यातलं एकही नाव मला आठवत नाही.