तानबाचा चढ

कापसाच्या गाडीवरून पडून तानबाचं कमरेखालचं अंग गेलं, त्याला १९९९च्या पोळ्यापर्यंत दोन वर्षं होत आली होती. दंड मात्र दुप्पट झाले होते. इस्पितळानं सांगितलेला व्यायाम तो नेमानं करी. दर अर्ध्या तासानं हातांवर अंग उचलायचं, आणि सकाळी हातानं चालवायची तीनचाकी घेऊन सिंदीच्या बाजाराकडचा चढ चढायचा.

चढ कधी त्याच्या एकट्याचा झालाच नाही. सिंदीची माणसं भली. चढावर कोणी दिसलं की ढकलतात. श्रावणात मी चढावरच्या माझ्या ओट्यावर बसून मोजलं: एकवीस फेऱ्या, छत्तीस ढकलणारे. त्यात तानबाचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ गजेंद्र, एकटाच अकरा वेळा. तीनचाकीच्या मागं 'ढकलू नये' अशी पाटी लावली, तर भैयाजी चहावाल्यांनी ती वाचता वाचता ढकललं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. घरचा बैल चढापलीकडच्या मैदानात ओढत न्यायचा तानबाचा मान गेल्या साली गजेंद्रकडे गेला होता.

"यंदा चढ एकट्यानं चढले तं बैल तुमचा," बायको ज्योत्स्ना म्हणाली. "नाईतर कायमचा दादाचा."

"लोकायले कोण थांबवीन?"

"थे माह्यावर सोडा."

त्या दिवशी तीनचाकीला दोरी, दोरीला चाकांवरचा कमरेइतका बैल. पायथ्याशी ज्योत्स्नानं गजेंद्र, भैयाजी आणि आणखी पाच सराईत ढकलणाऱ्यांच्या हातात पेटत्या निरांजनाचं एकेक ताट दिलं. "बैल मैदानात पोचेपर्यंत खाली ठेवू नका. दिवा विझला नाई पाह्यजे."

चौदा हात अडकले.

निम्म्यावर तीनचाकी थबकली, वीतभर मागं आली. सातही ताटं पुढं सरकली.

"ज्योत्स्ना, धर ना वं ताट," गजेंद्र काकुळतीला आला.

"मले उपास हाये."

"उपासाले ताट काऊन नाई चालत?"

"तू दिवा पाह्य."

भैयाजींनी डोक्यानं ढकलून पाहायचं ठरवलं आणि अर्धी मिशी जाळून घेतली.

तानबानं तळहात शर्टाला पुसले, अंग उचलून नीट बसला, आणि हातपेडल फिरवत राहिला. एकशे बारा फेऱ्यांत माथा.

पलीकडे उतार. बैल बांधून उतरायची तालीम कोणी केली नव्हती. बैल तीनचाकीच्या बाजूनं पुढं गेला, दोरी ताणली, आणि खिदळणाऱ्या तानबाला ओढत सगळ्यांआधी मैदानात शिरला. मागून सात ताटं धावत.

मैदानात पोळ्याचे पंच प्रभाकरराव अडले. "यानं बैल आणला, का बैलानं याले?"

"चढावर बैल मागं होता," ज्योत्स्ना म्हणाली. "उतार तं कोणीबी उतरते."

गजेंद्रनं ताटातलं कुंकू आधी बैलाला लावलं, मग तानबाला.

"भाऊजी, पुढच्या साली बैलाले ब्रेक मी बसवतो. तेवढा तं हात लावू द्या."