साहेबांचा सोफा

मला आमच्या आमदारसाहेबांचा हेवा वाटतो. उघड सांगतो, त्यात लाजायचं काय? शाळेत क्लार्क म्हणून उभी हयात घालवली. जरा उशीर झाला की मुख्याध्यापक अर्धी रजा मांडायचे. आणि हा माणूस जन्मात कुठं वेळेवर पोचला नाही, तरी त्याच्यासाठी सोफा राखून ठेवतात.

माझ्या भाचीच्या, भैरवीच्या लग्नातही ठेवला होता. लोहाऱ्यातलं मंगल कार्यालय, एप्रिलचं ऊन, मुहूर्त साडेबाराचा. मी तामलवाडीहून एसटीत उभ्यानं आलो. मामा म्हणून एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली, तीही कुणीतरी उचलून नेली. सोफा मात्र स्टेजसमोर, पांढरी चादर अंथरून. कार्यालयात कूलर एकच, तो त्या रिकाम्या सोफ्याकडं तोंड करून घरघरत होता. स्टेजवर भैरवीचं कुंकू घामानं ओघळत होतं.

मी कूलर तिच्याकडं वळवला. दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मार्तंडरावांनी, तो परत सोफ्याकडं फिरवला.

"साहेब निघालेत," ते म्हणाले. "आल्या आल्या गार वाटाय पायजे."

"आन् पोरीला?"

"ती काय, घरचीच हाय."

गेल्या वर्षी दाजींच्या चुलतभावाकडं लग्न होतं, तिथं साहेब आले होते. त्यांच्यासोबतचा फोटो भावानं बैठकीत लावला, आणि तेव्हापासून दाजींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणजे हेवा काही मला एकट्यालाच होता असं नाही.

भैरवीनं वडिलांकडं काय मागितलं होतं? दागिना नाही, काही नाही. हळदीच्या दिवशी माझ्यादेखत म्हणाली होती, "पप्पा, अंतरपाट खाली आला की समोर तुमी दिसाय पायजे. बाकी कुणी असू द्या, नसू द्या."

"म्या कुठं जातोय?" दाजी म्हणाले होते.

मुहूर्त टळला. पाहुणे स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागले, लहान पोरं रडून झोपली. गुरुजी घड्याळ बघून माझ्याकडं बघायचे, मी गेटाकडं. गेटात दाजी, कानाला फोन. विचारलं की एकच उत्तर, "निघालेत." दोन तास तो माणूस निघतच होता.

शेवटी भैरवीच म्हणाली, "गुरुजी, करा सुरू. मामा, माझ्या मागं थांबा."

माझी छाती फुगली. मी तिच्या मागं उभा राहिलो. दाजींना बोलवायला माणूस धाडला, तर त्यांनी गेटातूनच हात केला: चालू द्या, आलोच.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि बाहेर हॉर्न वाजले. एका माणसासाठी नऊ गाड्या! साहेब परत निघेपर्यंत सगळ्यांची इंजिनं चालूच; आत कुणी नाही, नुसत्या एसीनं गाड्या गार ठेवायला. फटाक्यांची माळ लागली. मुठीतल्या अक्षतांसकट अर्धा मांडव गेटाकडं पळाला, सगळ्यांत पुढं फोटोग्राफर. इकडं 'सावधान' झालं आणि तिकडं सवयीनं मुठी उघडल्या. माझ्या बहिणीनं रात्री बसून रंगवलेल्या अक्षता साहेबांच्या डोक्यावर पडल्या. खोटं कशाला बोलू, त्या तांदळांपायी माझा जळफळाट झाला.

अंतरपाट खाली आला. समोर रिकाम्या खुर्च्या, रिकामा सोफा आणि घरघरणारा कूलर. भैरवीनं नवरदेवाच्या, राजसच्या गळ्यात हार घातला.

मग साहेब स्टेजवर आले. "अरे, लागलं व्हय? काय करणार, रस्ता लई खराब हाय हो तुमचा!"

त्याच रस्त्याचा नारळ त्यांनी दोनदा फोडलाय. पण दाजी मान डोलावून हसले. साहेब नवरानवरीच्या मधोमध उभे राहिले, फोटो निघाला, आणि पुढच्या लग्नाला चालते झाले. सोफ्यावर टेकलेसुद्धा नाहीत. त्यांच्या माणसांना वाढलेली ताटं तशीच राहिली. बुंदीवर माश्या बसल्या.

परवा बहिणीकडं गेलो होतो. साहेबांचा फोटो बैठकीत लागलाय, चुलतभावाकडच्या फोटोपेक्षा मोठा. दाजी त्याच्याखाली अल्बम घेऊन बसले होते, पानं पुढं-मागं करत. हार घालतानाचा फोटो त्यात नाहीच. कोण काढणार?

"तुमी तिच्या मागंच होता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"हार घालताना कशी दिसत होती ओ पोरगी?"

मी त्या सोफ्याकडं बघायचो, तसे ते माझ्याकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं, आणि मला तो सोसवेना. चार गोड शब्द बोलून सुटावं असं वाटलं. पण जमलं नाही.

"मागनं तोंड न्हाय दिसलं, दाजी," मी म्हणालो. "पण हार घालायच्या आधी तिनं मान वळवून गेटाकडं बघितलं. लई वेळ बघत होती."