चढाची बस

"माझ्या बहिणीच्या होकारावर घर चालवू नकोस," असं आईने धाकटीला फार आधीच सांगून ठेवलं होतं. "तिला नाही म्हणताच येत नाही. अंगात ताप असला तरी 'येते' म्हणेल, आणि येईलही. तू तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस, तोंडाकडे बघत जा."

धाकटी तेव्हा तान्ह्या छकुलीचे लंगोट वाळत घालत होती. "आई, मावशीला मी काय आज ओळखते?" असं म्हणून तिने तो विषय चिमट्यात अडकवून टाकला आणि पुढचा लंगोट झटकला.

खरं तर काळजी करण्यात धाकटीचा हात कुणी धरला नसता. छकुली झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. दुधाच्या बाटलीचं बूच दोनदा उकळायची. त्यात छकुलीची छाती नाजूक. जरा धूर लागला की घरघर सुरू व्हायची, मग वाफेचं मशीन, तो मास्क आणि मांडीवर चाललेली रडारड. आणि घर नेमकं बसथांब्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. टेकडीवर जाणारी बस खाली थांबून गुरगुरत राहिली की काळा धूर थेट खिडकीत शिरायचा. धाकटी धावत जाऊन तावदानं लावायची आणि बसच्या नावाने बोटं मोडायची.

आता गंमत अशी, की त्याच बसमधून मावशी उतरायची. मावशी टेकडीच्या माथ्यावर, शेवटच्या थांब्यासमोर एकटी राहायची. आयुष्यभर शिवणकाम करून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण धाकटी पुन्हा लॅबमध्ये कामाला जाऊ लागली तशी मावशी रोज सकाळी खाली यायची, छकुलीला सांभाळायची आणि धाकटी परतली की वर जायची. म्हणजे छकुलीचा श्वास कोंडणारीही तीच बस आणि छकुलीची ही मावशीआजी आणणारीही तीच.

अशात सरकारचं नवं धोरण आलं. शहरातल्या बसगाड्यांनी डिझेल सोडायचं. कसं सोडायचं, ते प्रत्येक गावाच्या परिवहन समितीने लोकांचं ऐकून ठरवायचं. एक तर विजेच्या नव्या बस घ्यायच्या, नाहीतर जुन्याच बस जैवइंधनावर चालवायच्या, म्हणजे तळून उरलेल्या तेलापासून आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या इंधनावर.

धोरण सरकारने दिलं, भांडण मात्र धाकटीच्या जेवणाच्या टेबलावर आलं. कारण थोरली बहीण बस आगाराच्या कार्यशाळेत इंजिनिअर होती.

"विजेच्या बस आणा, विषय संपला," धाकटी म्हणाली.

"तुझा विषय चढाच्या पायथ्याशी संपतो," थोरली म्हणाली. "माथ्यावर चार्जिंगची सोय नाही. तारा ओढायच्या, चार्जरसाठी खोली बांधायची. तोवर वरची माणसं काय उडत येणार? जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या बदलल्या, सुरुवातीला फिल्टर जरा लवकर लवकर बदलले, की त्या बायोडिझेलवर मजेत चालतात."

"आज तळणाचं तेल म्हणतेस ताई. उद्या ते पुरेनासं झालं, की इंधनासाठी वेगळी शेतं लावाल. माणसांच्या ताटातलं काढून गाड्यांना भरवायचं?"

"आणि तुझी वीज काय ढगातून टपकते? कोळसा जाळूनच येते ना अजून बरीचशी? तुझ्या खिडकीतला धूर उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीत नेऊन ठेवलास, एवढंच."

"तळणाच्या तेलावरची बस म्हणजे अवघड आहे," धाकटीचा नवरा मध्येच म्हणाला. "ती गेली की मागे सगळ्या गल्लीला भूक लागणार."

दोघी बहिणींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने मुकाट्याने डाळ वाढून घेतली.

छकुलीला भरवणाऱ्या मावशीला कुणी काही विचारलं नाही. तिनेच आपण होऊन सांगून टाकलं, "मला काय गं पोरींनो, तेलावर चालू दे नाहीतर विजेवर. खिडकीची जागा मिळाली म्हणजे झालं."

वाचनालयाच्या सभागृहात सुनावणी झाली. धाकटी छकुलीचा मास्क पिशवीतून घेऊन गेली आणि बोलताना तो समोर धरला. शब्द नेमके होते. डिझेलच्या गाड्या आजच्या आज बंद करा, इंधन बदलून धूर टिकवण्याचे खेळ नकोत. टाळ्या पडल्या. थोरली कार्यशाळेतर्फे बोलली तेव्हा लोक चहा प्यायला उठले होते. समितीने सपाट रस्त्यांवर विजेच्या बस मंजूर केल्या. आणि टेकडीचा मार्ग? माथ्यावर चार्जिंगची सोय होईपर्यंत 'तात्पुरता स्थगित'.

घरी आल्यावर मात्र पिशवी खाली ठेवायच्या आधीच धाकटीने विचारलं, "मावशी, आता तुझं कसं होणार?"

"माझं काय व्हायचंय? दूधवाल्याची गाडी सकाळी उतरते, शेजारची जागा रिकामीच असते."

"आणि वर जाताना?"

"खाली आलेली गाडी वर जाणारच ना बाळा? का ती पण तुझ्याकडेच राहणार आहे?"

सगळे हसले. मावशी खोटं बोलली नव्हती. गाडी वर जात होतीच. फक्त ती दुपारीच जायची आणि धाकटी लॅबमधून परतायची संध्याकाळी.

त्या घरात एक जुनी रीत होती. मुक्कामी पोचलेल्या माणसाने एक रिंग द्यायची आणि फोन बंद करायचा. बोलायचं नाही, उचलायचं नाही. रिंग आली, म्हणजे माणूस घरात पोचून पंखा लावून बसलं, असं समजायचं. बस बंद झाल्यावरही मावशीची रिंग रोज येत होती. रिंग आली की धाकटी पोळ्या लाटायला घ्यायची. खिडक्या आता उघड्या असायच्या. छकुलीची घरघर थांबली होती आणि वाफेचं मशीन कपाटावर गेलं होतं. मावशी थोडी वाळल्यासारखी दिसते, हे धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही. पण 'उन्हाचं जेवण जात नाही' असं मावशी म्हणाली आणि धाकटीने तिच्या वाटीत वरून तूप सोडलं.

थोरलीने हार मानली नव्हती. तिने एक जुनी बस उघडली, नळ्या बदलल्या, टाकी धुतली आणि चढावर चाचणी घ्यायची परवानगी मिळवली. एका संध्याकाळी चालकाला बस थांब्यावर उभी करायला लावून तिने खालूनच हाक मारली, "अगं ए, खाली ये! छकुलीला पण आण."

"आणि तिला त्रास झाला तर?"

"झाला तर मला भर सभेत शिव्या दे. नाक धरून बस हवं तर, पण बसून तरी बघ."

मावशी निघून बराच वेळ झाला होता. धाकटीने छकुलीला कमरेला बांधलं, मशीन पिशवीत टाकलं आणि बसमध्ये चढली. पहिल्या वळणापर्यंत ती श्वास रोखूनच बसली होती. धूर नव्हता असं नाही, पण पूर्वीसारखा काळा लोट नव्हता. वास मात्र खरंच एखाद्या उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी येतो तसा होता. छकुली काचेला नाक लावून खिदळत होती. इंजिन चढावर दमेल असं धाकटीला वाटलं होतं, पण ते घुमत घुमत चढत राहिलं.

"काय म्हणतेस?" थोरलीने विचारलं.

"वाईट नाही," धाकटीने नाइलाजाने कबूल केलं. "पण चांगली आहे असंही मी म्हटलेलं नाही."

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. एक रिंग, आणि बंद. मावशी.

"पोचली ती," धाकटी समाधानाने म्हणाली आणि सहज बाहेर पाहिलं.

वळणावर रस्त्याच्या कठड्यावर मावशी बसली होती. चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या, एका हाताने गुडघा चोळत होती आणि दुसऱ्या हातातला फोन नुकताच पिशवीत टाकत होती. वरचा अर्धा चढ अजून बाकी होता.

"थांबव," धाकटी म्हणाली. मग ती ओरडली, "ताई, बस थांबवायला सांग!"

बस थांबली. मावशीने मान वर केली, दोघी भाच्यांना पाहिलं आणि चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी चपला शोधू लागली.

"पोचलीस का गं?" धाकटीने पायरीवर उभं राहून विचारलं. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

"पोचतेच आहे की," मावशी म्हणाली. "इथवर आलं की पुढचा रस्ता ओळखीचा."

"रोज चालत जातेस? आणि रिंग इथून देतेस?"

"घरी जाईपर्यंत अंधार पडतो. तोवर तू ताटावर बसत नाहीस. मुलीच्या आईने उपाशी राहू नये." मग थोरलीकडे वळून म्हणाली, "हिला काही बोलू नकोस हं. हिच्या पोरीला बरं वाटलं बस बंद झाल्यावर, ते मी डोळ्यांनी बघितलंय."

थोरलीला जिंकल्याचं तोंड करायची ही नामी संधी होती. तिने ते केलं नाही. खाली उतरून तिने मावशीच्या पायात चपला घातल्या. दोघींनी मिळून तिला वर घेतलं. मावशी खिडकीशी बसली, छकुलीला मांडीवर घेतलं आणि हवा हुंगून म्हणाली, "अगंबाई, कुणी भजी तळतंय का?"

थोरली हसली. धाकटीला हसू येईना. ज्या बसला ती खिडकीतून शिव्या घालत होती, ती बंद होण्याच्या मोबदल्यात कुणाचे गुडघे जातायत, हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं.

दुसऱ्या सुनावणीला तिने पुन्हा तोच मास्क नेला. "मी मागे बोलले ते खरं आहे," ती म्हणाली. "धूर नकोच. शेवटी विजेची बसच हवी, आणि ती वीजही उन्हावाऱ्याची हवी. पण नवी बस चढ चढून दाखवेपर्यंत जुनी बंद करू नका. तोवर ती जैवइंधनावर चालवा, धूर दर महिन्याला मोजा आणि आकडा थांब्यावर लावा. आकडा वाढला, तर मी पुन्हा इथे येईन."

"म्हणजे तुम्ही आता बहिणीच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं.

"बहिणीला तसं समजू देऊ नका," धाकटी म्हणाली. सभागृह हसलं. मग थोरली उठली आणि धाकटीच्या मनातलं बोलली: तेल वापरलेलंच घ्यायचं, त्यासाठी एक वाफाही वेगळा लावायचा नाही, हे ठरावात लिहा. त्या एका ओळीमुळे दोघींचं भांडण पुन्हा सुरू होता होता राहिलं.

ठराव मंजूर झाला. बस सुरू होईल, पण आगारातल्या बाकीच्या गाड्यांच्या नळ्या बदलून झाल्यावर, पुढच्या महिन्यात. तोवर मावशीने चढ चढायचा नाही, असं दोघींनी तिच्याकडून वदवून घेतलं आणि धाकटीने लॅबमधून तेवढी रजा घेतली. "खाली आमच्याकडेच राहा" म्हटलं, तर ती ऐकेना. झाडांना पाणी कोण घालेल म्हणे. थोरली जमेल तशी वर जाऊन येते, पण या आठवड्यात ती कार्यशाळेत गाड्यांखाली आहे. छकुलीला दात येतायत, अंग कोमट आहे, तिला घेऊन निघायची धाकटीला हिंमत होत नाही.

म्हणून ती वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तसं तुम्हालाही सांगते आहे. त्या टेकडीवर कधी जाणं झालंच, तर शेवटच्या थांब्यासमोर मावशीचं निळं दार आहे. टकटक करा. दारातूनच परत फिरू नका, आत जाऊन बसा. प्यायला पाणी मागा आणि आणायला उठताना ती भिंतीचा आधार घेते का, तेवढं बघा. आणि उतरताना धाकटीच्या खिडकीखाली थांबून सांगून जा. खिडकी उघडीच असते.