मोहनची ट्रंक

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली पत्र्याची एखादी ट्रंक असेलच. मी तशीच एक. जबलपूरच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि काळा रंग दिला. मोहन फौजेत भरती झाला तेव्हा त्याचे वडील भाऊराव मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी घेऊन आले. ते तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते.

मोहनबरोबर मी पुष्कळ मुलूख पाहिला. त्याची बायको शरयू, तिचा फोटो माझ्या झाकणाला आतून चिकटवलेला असे. बराकीत जवान माझ्यावर बसून पत्ते खेळत. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. इकडे कारखाना रात्रंदिवस चालू, तिकडे मोहनची तुकडी पश्चिमेच्या सीमेवर. पुढे जायचा हुकूम आला. मोहनने मला कुलूप लावलं, तंबूच्या कोपऱ्यात सरकवलं आणि तो गेला. त्यापुढचं मला काहीच माहीत नाही.

लढाई थांबल्यावर एक हवालदार मला घेऊन जबलपूरला आला. मोहनची आई इंदिराबाई पाणी घेऊन आल्या. त्याने पेला हातातच धरून ठेवला.

"माताजी, रात को हमला हुआ. सुबह गिनती में मोहन नहीं था. पर हमने उसे गिरते नहीं देखा."

"मग आहे कुठे तो?" भाऊरावांनी विचारलं.

हवालदाराने पेला खाली ठेवला आणि मला त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

सरकारचा शब्द होता बेपत्ता. पुढे युद्धकैदी सुटून आले, त्यांत मोहन नव्हता. इंदिराबाईंच्या मनाने घेतलं की मुलगा गेला. त्यांनी दिवस करायचं काढलं, तेव्हा शरयू म्हणाली, "आई, ते गेले असं मला कुणी सांगितलंच नाही. मी कसं मानू?" तो विषय तिथेच थांबला.

एकाच घरात एक बाई मुलाचा शोक करत होती आणि दुसरी नवऱ्याची वाट बघत होती. हिवाळ्यात दोघी मला उन्हात उघडत. इंदिराबाई मोहनच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडत. मग शरयू तोच स्वेटर नीट घडी करून, कसर लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला ठेवत असे.

काही वर्षांनी मोहनची बहीण विनता हिचं लग्न निघालं. बायकांना बसायला जागा पुरेना, म्हणून मला बाहेरच्या खोलीत आणून वर चादर घातली. शरयू माझ्यावर बसली होती. नागपूरहून आलेली भाऊरावांची थोरली बहीण भानुमती सवाष्णींना हळदीकुंकू लावत होती. शरयूपाशी तिचा हात थबकला आणि ती पुढच्या बाईकडे वळली. शरयू आत जायला उठू लागली.

इंदिराबाईंनी ते पाहिलं. "वन्सं, हिला काहून सोडून राहिल्या?"

"इंदिरे, इतकी वर्षं झाली. मोहन गेला, हे तूच तर म्हणतेस."

"माझ्या मनाचं माझ्यापाशी. फौजेला ठाऊक नाही, सरकारला ठाऊक नाही. मग हिचं कुंकू आपण कोण पुसणार?"

त्यांनी ताट आपल्या हातात घेतलं. "बस, शरयू." त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, थोडं कुंकू शरयूच्या नाकावर सांडलं. शरयूने ते पुसलं नाही. ती पुन्हा माझ्यावर बसली. भानुमतीने पुढे होऊन तिची ओटी भरली.

मोहन आला नाही. तो गेल्याचंही कुणी कळवलं नाही. भाऊराव गेले, मग इंदिराबाईही. शरयूचे केस पांढरे झाले. माझा तळ गंजलाय आणि बिजागरी सैल झाली आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी कुणीही करील. पण कधी अशा घरी गेलात, तर 'आता विसरा' म्हणू नका आणि 'येईल हो' असंही म्हणू नका. जे आपल्याला ठाऊक नाही, ते ठाऊक असल्यासारखं बोलू नये. माझ्यावर टेकून बसा आणि मोहन कसा होता, एवढंच विचारा. शरयू सांगेल. हल्ली तिला ते कुणी विचारत नाही.