कडेचे दगड

“तेवढी एक बाजू राहू द्या मुकादम, उद्या उचलू,” गवंडी म्हणाला.

“उद्या, उद्या! रोज तुझा उद्याच चाललाय. त्या बाजूच्या दगडांशी सोयरीक जुळवलीस की काय?”

हाताखालची माणसं हसली. गवंडीही हसला, पण पहार काही त्याने उचलली नाही.

बाजारपेठेचा तो रस्ता आता गाड्यांचा राहणार नव्हता. रस्ता वेगळा, फुटपाथ वेगळा हा भेदच काढून टाकायचा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी फरशी, मधे झाडं, बाकं. माणसांनी हवं तसं चालावं, हवं तिथे बसावं. गवंड्याला ते मनापासून पटलं होतं. आयुष्यभर त्याने गाड्यांसाठी रस्ते केले आणि स्वतः मात्र अंग चोरून चालला. तरी फुटपाथच्या कडेचे दगड काढायचं नाव निघालं, की त्याचे हात जड होत.

त्या कडेने त्याची बायको कामाला जायची.

तिचे डोळे देवाने एकदम नेले नाहीत. उसनं दिलेलं थोडं थोडं परत न्यावं तसे नेले. आधी अंधारातलं दिसेना, मग रंग गेले, मग माणसांचे चेहरे. नोकरी मात्र तिने सोडली नाही. रस्त्याच्या टोकाला धुलाईचं दुकान होतं, तिथे चादरींच्या घड्या घालायला डोळे लागत नव्हते. काठीचं टोक कडेच्या दगडाला लावायचं आणि टक टक करत दुकानाच्या दारात हजर. कुणी हात धरायला आलं तर म्हणायची, “पोचते मी. तुम्हीच सांभाळून जा, वर बघत चालता.”

पण तिच्या सुट्टीच्या दिवशी मुकादम हटूनच बसला. दुपारपर्यंत कडेचे सगळे दगड निघाले. त्या जागी फरशी बसवताना गवंड्याने कुणाला न सांगता एक ओळ उलटी लावली. खरखरीत तोंड वर, गुळगुळीत खाली. पायाला जेमतेम जाणवेल, काठीला मात्र नक्की कळेल, एवढंच.

संध्याकाळी इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. त्याच वेळी एक माणूस आपल्या आईला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आला. म्हातारी हरखून इकडेतिकडे बघत होती. त्या ओळीवर चाक अडलं आणि ती पुढे झुकली. “अगं आई गं!”

मुकादमाने वाकून फरशीवर हात फिरवला. “उलटी? अरे, पहिल्या दिवशीचा माणूससुद्धा फरशी उलटी लावत नाही. डोळे गेले की काय तुझे?”

मुकादम पुढे गेल्यावर बाईंपाशी जाऊन गवंड्याने हलकेच काय ते सांगितलं.

“काका, न दिसणाऱ्यांसाठी खुणेची पट्टी आहे नकाशात,” बाई म्हणाल्या. “पण पुढच्या टप्प्यात.”

“म्हणजे कधी?”

“मंजुरी आली की.” त्यांचा आवाज खरोखरच ओशाळला होता.

“माझ्यापायी काही उपटू नका रे बाबांनो,” म्हातारी म्हणाली. “किती दिवसांनी मी बाहेर पडलेय! एवढा धक्का चालतो.”

गवंड्याने छिन्नी घेतली आणि ओळ उकरायला बसला. रागवायचं तरी कुणावर?

रात्री जेवताना बायको म्हणाली, “काढले ना दगड?”

“कुणी सांगितलं?”

“दोनदा पाणी मागितलंत, प्यायलात एकदाही नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं. उलटी ओळ, खुर्ची, म्हातारी.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “तिला तरी बाहेर यायला मिळालं.” तिने ते मनापासून म्हटलं, ताटातलं अन्न मात्र तसंच राहिलं.

सकाळी तो बरोबर निघाला. नव्या फरशीवर तिची काठी डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. कुठेच काही लागलं नाही. खोल पाण्यात उतरल्यासारखी ती थांबली. आजूबाजूने माणसं गप्पा मारत सावकाश चालली होती.

“केवढं मोठं केलंत हो,” ती म्हणाली.

त्याने कोपर पुढे केलं. तिने ते चाचपलं आणि बाजूला सारलं.

“हात नको. तुम्ही पुढे व्हा. चपला जरा घासत चाला.”

“लोक हसतील.”

“हसू देत. मला थोडंच दिसणार आहे?”

तो चपला फरफटत निघाला. मागून ती, मान ताठ ठेवून, त्या आवाजावर पाऊल टाकत. आपलं दुकान उघडणारा चहावाला म्हणाला, “काय गवंडी, सकाळी सकाळीच दमलात?”

“हो, जरा,” गवंडी म्हणाला.

धुलाईच्या दुकानाच्या दारात ती थांबली. रोज इथे पोचल्यावर ती आत मैत्रिणींना हाक मारायची. आज तिने आधी पदर सारखा केला.

“संध्याकाळी कधी येऊ?” त्याने विचारलं.

“तुमचं काम सुटलं की या. मी बसते.”

ती आत गेली. तो कामाकडे वळला. रस्ता मोकळा होता, हवं तसं चालावं असा. आता मागे कुणी नव्हतं, तरी त्याच्या चपला घासतच होत्या.